जवळ आहे, पण जाता येत नाही

पुण्याच्या पेठांत पत्ता सांगण्याची एक पद्धत आहे. 'मारुतीच्या समोरच्या बोळातून सरळ ये, पुढे पिठाची गिरणी लागेल, तिथून डावीकडे. आणि तिकडे रस्ता खणलेला असेल तर मागच्या गल्लीतून ये.' रस्त्याचं अधिकृत नाव यात कुठेच नसतं. मला मात्र यातलं शेवटचं वाक्य आवडतं. मागची गल्ली असणारच, हे सांगणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. गणपतीचा मांडव पडला, पाण्याची लाइन फुटली, कुणाची वरात अडकली, तरी माणूस पोचायचा, कारण दुसरी वाट असायचीच.

आता मी जिथे राहते तिथे पत्ता सांगायचा म्हणजे व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायचं. हायवेच्या सर्व्हिस रोडवरून आत वळायचं, दीड किलोमीटर सरळ यायचं, आमच्या सोसायटीच्या गेटपाशी रस्ता संपतो. तो रस्ता खणलेला असेल तर काय, याला उत्तर नाही. खणलेला असेल तर थांबायचं.

आमचं बिऱ्हाड शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात होतं. मी अकरावीत असताना वाडा पाडायला काढला. काही वर्षं भाड्याच्या घरांत गेली आणि २०१९ मध्ये बाबांची साठवण आणि माझ्या पगारावर मिळालेलं कर्ज मिळून हिंजवडीच्या अलीकडे टू-बीएचके घेतला. माझं ऑफिस जवळ, हवा चांगली, लिफ्ट, बाग, चोवीस तास पाणी. तक्रारीला जागा नव्हती. पण आजीचं फिरणं हळूहळू बंद झालं. पेठेत असताना पंच्याहत्तरीतही ती एकटी बाहेर पडायची. बँकेत पेन्शन, येताना भाजी, वाटेत दोन ओळखीच्या ओट्यांवर टेकणं. इथे आल्यावर तिच्या बाहेर जाण्याला कुणाची तरी गाडी आणि कुणाचा तरी वेळ लागायला लागला.

तिच्या गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी सुरू करायची होती, तेव्हा आमच्या बाल्कनीतून ज्याची पाटी वाचता येते असाच एक दवाखाना निघाला. आमच्या मागच्या कुंपणभिंतीपलीकडे, गुंठेवारीच्या वस्तीत. नकाशावर सरळ रेघ ओढली तर सत्तर मीटर. रस्त्यानं गेलं तर आधी मेन गेटपर्यंत, तिथून बाहेरच्या मोठ्या रस्त्याला, त्या रस्त्यावर फूटपाथ नसलेल्या कडेनं पुढच्या फाट्यापर्यंत, आणि मग वस्तीतून मागे. एक किलोमीटर तीनशे मीटर. रिक्षावाले एवढ्याशा अंतराला येत नाहीत, आणि आजीला एवढं चालवत नाही. पहिल्या आठवड्यानंतर ती म्हणाली, "इथे सगळं जवळ आहे गं, फक्त जाता येत नाही."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे हे वाक्य माझ्या डोक्यात एका ओळखीच्या खणात जाऊन बसलं. आमच्या भाषेत हा ग्राफचा प्रश्न आहे.

*

रस्त्यांचं जाळं कॉम्प्युटरला समजावायचं तर दोनच गोष्टी लागतात: बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. चौक म्हणजे बिंदू, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे रेघ. एखाद्या बिंदूला किती रेघा मिळतात ते मोजायचं. चार मिळाल्या तर चौक, तीन मिळाल्या तर तिठा, एकच मिळाली तर तो रस्ता तिथे संपतो.

आता दोन टोकांची उदाहरणं घेऊ. पहिलं, बुद्धिबळाच्या पटासारखं जाळं. समजा मला पाच चौक पूर्वेला आणि पाच चौक दक्षिणेला जायचंय. उलटं न फिरता तिथे पोचायचे वेगवेगळे मार्ग २५२ आहेत, आणि सगळ्यांची लांबी सारखीच. एक बंद पडला तर २५१ मधून निवडा. शिवाय अशा जाळ्यात कुठूनही कुठेही जा, सरळ रेषेतल्या अंतराच्या १.४१ पटीहून जास्त चालावं लागत नाही. काटकोन त्रिकोणाचं गणित आहे, शाळेतलंच.

दुसरं उदाहरण झाडाचं. बुंधा, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना पानं. इथे एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत जायचा मार्ग एकच. दोन पानं वाऱ्यानं एकमेकांना लागत असली, तरी एकावरून दुसऱ्यावर जायचं तर डहाळीवरून फांदीपर्यंत खाली या आणि पुन्हा वर चढा. हा वळसा किती पट मोठा असू शकतो याला मर्यादाच नाही. आजीच्या दवाखान्याचा हिशेब केला, तर तो साडेअठरा पट येतो.

झाडात आणखी एक गोष्ट होते. सगळ्या पानांची ये-जा बुंध्यावरून होते. मला दूध आणायचंय, शेजारच्याला मुलाला शाळेत सोडायचंय आणि ट्रकला मुंबईला जायचंय, तर आम्ही तिघंही एकाच रस्त्यावर भेटतो. तो रस्ता तुंबला की रुंद करतात, मग त्यावर पूल बांधतात, मग पूलही अपुरा पडतो. चांदणी चौकात बावधन, पाषाण, कोथरूड, मुळशी आणि हायवे या सगळ्यांच्या रेघा एका बिंदूत येऊन मिळत होत्या. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला जुना पूल स्फोटानं पाडला आणि पुढच्या वर्षी नवे पूल, नवे रॅम्प आले. काम गरजेचं होतंच. पण कोंडी चौकात दिसते आणि तिचं कारण चौकापासून लांब, न जोडलेल्या शेकडो गल्ल्यांत असतं.

क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदानं १९६५ मध्ये एक निबंध लिहिला होता, 'अ सिटी इज नॉट अ ट्री' नावाचा. त्याचं म्हणणं असं, की आपोआप वाढलेल्या शहरांत एकच जागा अनेक गोष्टींचा भाग असते. कागदावर आखलेल्या शहरांत मात्र प्रत्येक जागा एकाच कप्प्यात बसवली जाते, फोल्डरच्या आत फोल्डर असावा तशी. माणसाच्या मनाला झाडाची रचना सोपी पडते म्हणून आराखडे करणारे झाड काढतात. गंमत म्हणजे याच अलेक्झांडरच्या 'पॅटर्न' या कल्पनेवरून पुढे आमच्या क्षेत्रातली 'डिझाइन पॅटर्न्स'ची संकल्पना आली. इंजिनिअरिंगला तो विषय शिकताना हा माणूस घरं आणि गल्ल्यांबद्दल लिहीत होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

*

ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला जगाचा नकाशा आहे आणि त्यातले रस्ते ग्राफच्या रूपात उतरवून घ्यायला जेफ बोइंग या संशोधकानं लिहिलेली ओएसएमएनएक्स नावाची पायथन लायब्ररी मोफत मिळते. एका शनिवारी मी पुण्याचा नकाशा उतरवला आणि बिंदूंना रंग दिले. रस्ता संपतो तिथे लाल, तिठ्याला निळा, चौकाला हिरवा. पेठांवर हिरवे-निळे ठिपके दाट होते आणि लाल तुरळक. आमच्या बाजूला लाल ठिपक्यांचा सडा. आणि या नकाशात सोसायट्यांच्या भिंती, कुलूप लावलेली गेटं नीट नोंदवलेली नसतात. म्हणजे प्रत्यक्षातली परिस्थिती नकाशापेक्षा वाईटच.

तो रंगीत नकाशा बघताना शहराच्या वाढीचे थर दिसतात. मधे कसबा आणि त्याभोवती पेशवाईत वसलेल्या पेठा. पेठ वसवायची म्हणजे व्यापारी, कारागीर येऊन राहायला हवेत, दुकानं चालायला हवीत; त्यासाठी ये-जा हवी. पूर्वेला १८१८ नंतरचा इंग्रजांचा कॅम्प, फौजेच्या शिस्तीत आखलेले सरळ रस्ते. नदीपलीकडे प्रभात रोड, भांडारकर रोडचा भाग, जिथे गल्ल्यांना नुसते क्रमांक आहेत. तिथे बंगले आहेत, झाडी आहे, लोकवस्ती पेठांच्या मानानं विरळ आहे, पण गल्ली एका बाजूनं शिरते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला निघते.

त्याच्या बाहेर गेलं की जाळं विरत जातं. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शहर 'पसरलं' म्हटलं की आपल्याला अमेरिकेतली ऐसपैस उपनगरं आठवतात. पुण्याच्या कडेला तसं नाही. आमच्याकडे वीस-वीस मजली इमारती आहेत. माणसं दाटीनं राहतात, पण एकमेकांपासून तुटलेली. पेठेत दाटी आणि जोडणी दोन्ही होत्या. इथे दाटी आली, जोडणी आली नाही.

हे कुणी मुद्दाम केलं का? माझ्या समजुतीप्रमाणे नाही. ते कसं होतं हे मला सातबारा वाचायला शिकल्यावर कळलं.

आमची सोसायटी उभी आहे ती जमीन तीन गटांची होती. गट म्हणजे शेताचा नोंदणी-तुकडा. शेतांच्या मधे बांध असायचे आणि शेतावर जायला पाणंद. बैलगाडी जाईल एवढी. शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या बांधावरून पायी जायला अडचण नसायची, किंवा भांडणं झाली तरी ती वहिवाटीची असायची, म्हणजे वाट असण्याबद्दलची. मग बिल्डर आला. त्यानं तीन गट घेतले आणि बांधांवर भिंत घातली. शेजारच्या गटाचा मालक विकायला तयार नव्हता. त्याच्या पुढच्यानं एक-एक, दोन-दोन गुंठे करून जमीन विकली आणि मधे दहा फुटांची वाट सोडली. तीच पलीकडची वस्ती. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. तेवढ्यात घर बांधायचं तर रस्त्याला जागा कोण जास्त सोडणार? प्रत्येकानं आपापल्या तुकड्याला गावच्या मूळ रस्त्याशी एकदा जोडलं आणि काम संपवलं. प्रत्येकाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण प्रत्येकानं एकेकदा जोडलं की जे तयार होतं ते झाड असतं.

मग काही वर्षांनी विकास आराखडा येतो. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये आजूबाजूची गावं आली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३. सूस, म्हाळुंगे, वाघोली, नऱ्हे ही यातली गावं. महापालिकेची हद्द तिथे पोचली तेव्हा इमारती आधीच उभ्या होत्या. आराखड्यातला रस्ता या सगळ्यावरून रेघ मारून काढला जातो, आणि मग त्या रेघेखालची जमीन एकेका मालकाकडून, रोख पैसे किंवा टीडीआर देऊन मिळवावी लागते. दहा जणांनी दिली आणि अकराव्यानं नाही दिली तर रस्ता त्याच्या शेतापाशी थांबतो. पुण्यात याला 'मिसिंग लिंक' म्हणतात आणि हा शब्द आता वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

हद्दी वेगळ्या असल्या की गुंता वाढतो. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, बालेवाडी पुणे महापालिकेत, हिंजवडीला ग्रामपंचायत, आयटी पार्क एमआयडीसीचं आणि नियोजन पीएमआरडीएकडे. मुळा नदीवर बालेवाडी आणि वाकड जोडणारा पूल बांधून झाला आणि जोडरस्त्याच्या जागेअभावी वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. ग्राफमध्ये रेघ काढली, पण तिचं एक टोक कुठल्याच बिंदूला लागलं नाही.

*

हे फक्त आपल्याकडचं नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोघांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या शंभर वर्षांतल्या रस्त्यांचा अभ्यास मांडला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथले नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले आणि त्यानंतर कल पुन्हा जोडणीकडे वळला. २०२० मध्ये त्यांनी हाच अभ्यास ओपनस्ट्रीटमॅप आणि उपग्रहांची छायाचित्रं वापरून जगभर नेला. जगाच्या मोठ्या भागात नवी वाढ तुटक होत चालली आहे, असं त्यातून दिसलं. जपान, दक्षिण कोरिया, लॅटिन अमेरिकेतले अनेक देश यांनी जोडलेले रस्ते टिकवले. आग्नेय आशियात भिंतींच्या आतल्या वसाहती वाढल्या तसे रस्ते तुटत गेले.

बंद टोकाच्या गल्ल्यांची मूळ कल्पना वाईट नव्हती, हे मला वाचताना कळलं. १९२९ मध्ये न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत आखली गेली. मोटारी नुकत्याच वाढल्या होत्या, मुलं रस्त्यावर मारली जात होती. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी घरांना मोटारीसाठी बंद गल्ल्या दिल्या आणि घरांच्या मागच्या बाजूनं पायवाटांचं वेगळं, जोडलेलं जाळं दिलं. मोठ्या रस्त्याखालून जायला भुयारी वाटही होती. मूल घरापासून शाळेपर्यंत मोटारीचा रस्ता न ओलांडता जाऊ शकत होतं. नंतर जगभर ज्यांनी नक्कल केली त्यांतल्या बहुतेकांनी बंद गल्ल्या घेतल्या आणि पायवाटा सोडून दिल्या. आमच्या सोसायटीचंही तेच झालंय. मोटार आत सुळकन येऊ शकत नाही हे चांगलं. पण माणूसही येऊ शकत नाही.

*

दवाखान्याचं अंतर मोजल्यावर मी आणखी एक अंतर मोजलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी त्याच पलीकडच्या वस्तीत राहतात. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या आणखी बऱ्याच जणी तिथल्याच. मावशींचं घर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. पावसात त्या वाळत घातलेले कपडे काढायला मुलीला इथूनच हाक मारतात. आणि रोज कामावर यायला, जायला, दुपारी घरी जाऊन पुन्हा यायला मोठ्या रस्त्यानं वळसा घालतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर पाच किलोमीटरहून जास्त चालणं, ट्रक आणि डंपर जातात त्या रस्त्याच्या कडेनं. भिंतीत दार असतं तर ते चालणं काही मिनिटांचं होतं.

सांडपाण्याच्या प्लँटमागे भिंत संपून पत्रे सुरू होतात. तिथला एक पत्रा वाकवून बायकांनी वाट केली होती. कमिटीनं तो ठोकून बसवला. दोन महिन्यांनी पुन्हा वाकलेला दिसला. मग काटेरी तार आली.

मी वार्षिक सभेत विषय दिला: मागच्या भिंतीत तीन फुटांचं छोटं गेट, कार्ड लावून उघडणारं. सभा अडीच तास चालली, त्यातला दीड तास या विषयावर. चेअरमनकाका सभ्य माणूस आहेत; त्यांनी सगळ्यांना बोलू दिलं. चोरी होईल. त्यांची मुलं आपल्या बागेत खेळायला येतील. वॉचमनचा पगार कोण देणार? फ्लॅटची किंमत कमी होईल. एक काकू म्हणाल्या, "आपण एवढे पैसे कशासाठी भरले? ही भिंत पण त्यातच आली ना?"

त्या काकूंचं म्हणणं मी झटकून टाकू शकले नाही. मी स्वतः रात्री साडेदहाला, कॉल संपल्यावर, कानात हेडफोन घालून सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर फेऱ्या मारते. बाहेरच्या रस्त्यावर मी तसं करणार नाही. भिंतीचा फायदा मी रोज घेते. पण मग आठवतं, की पेठेतही आई रात्री दहाला औषध आणायला एकटी जायची आणि तिथे भिंत नव्हती. तिथे ओट्यावर कुणीतरी बसलेलं असायचं, इस्त्रीवाला जागा असायचा, वरच्या खिडकीतून कुणी विचारायचं, 'काय हो, एवढ्या रात्री?' जेन जेकब्स या लेखिकेनं १९६१ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या शहरांबद्दल हेच सांगितलं आहे: रस्त्यावर माणसांचं लक्ष असलं की रस्ता सुरक्षित राहतो, आणि त्यासाठी गल्ल्या आखूड हव्यात, कोपरे वारंवार यायला हवेत, म्हणजे माणसं वेगवेगळ्या वाटांनी फिरतात. आमच्या मागच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी कुणाचीच खिडकी उघडत नाही. सोसायटीतली सगळ्यांत काळोखी जागा तीच आहे.

मतदान झालं. गेटच्या बाजूनं ५८, विरुद्ध ७१. मग एका निवृत्त काकांनी मधला मार्ग काढला: तीन महिने प्रयोग करू, सकाळी सहा ते बारा, कार्डधारकांसाठीच. त्याला बहुमत मिळालं. गेट बसलं. आजी सकाळी साडेनऊला काठी घेऊन जाते आणि साडेदहाला परत येते. चौथ्या दिवसापासून माझी सोबत तिनं नाकारली. येताना ती पलीकडच्या एका बाईकडून शेपू घेऊन येते, जो आमच्या ॲपवाल्या भाजीपेक्षा ताजा असतो, असं तिचं म्हणणं. मावशींची सकाळची फेरी वाचली, पण संध्याकाळी साडेसातला काम संपवून त्या अजूनही मोठ्या रस्त्यानंच जातात, कारण गेट बाराला बंद होतं. बारानंतर का नको, याचं उत्तर सभेत कुणी नीट दिलं नाही. तीन महिने संपत आलेत. चोरी झालेली नाही. विषय पुन्हा सभेपुढे येईल आणि या वेळी मी आकडे घेऊन जाणार आहे. पण आकड्यांनी मतं बदलतात असा माझा अनुभव नाही. सात-आठ घरं फिरून बोलावं लागेल.

*

जोडणी हवी म्हटलं की दुसरीकडून एक धोका येतो, तो सांगायला हवा. पुण्यात 'कनेक्टिव्हिटी' हा शब्द बहुधा टेकडी फोडण्याच्या प्रस्तावासोबत येतो. वेताळ टेकडीवरून रस्ता न्यावा का, यावर शहरात किती वाद झाला हे आपण बघितलंय. टेकडी, नदी, लष्कराची जमीन यांच्यामुळे पुण्याचं जाळं कधीच पूर्ण बुद्धिबळाचा पट होणार नव्हतं, आणि होऊही नये. मी म्हणते ती जोडणी याहून फार छोटी आणि स्वस्त आहे: दोन सोसायट्यांमधलं तीन फुटांचं दार, नाल्यावरचा पायपूल, मागच्या गल्लीतून पुढच्या गल्लीत निघणारी सायकलची वाट. युरोपात अनेक ठिकाणी मोटारीला गल्ली बंद असते आणि पायी किंवा सायकलवरून जाणाऱ्याला तीच गल्ली उघडी असते. मोटारीला वळसा, माणसाला जवळची वाट. आपल्याकडे याच्या नेमकं उलट झालंय, कारण गाडी असलेल्याला दीड किलोमीटरचा वळसा जाणवतच नाही. तो वळसा चालणाऱ्याच्या पायांतून वसूल होतो.

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, याचं कारण रस्त्यांच्या टिकण्यात आहे. इमारती पडतात, गल्ल्या राहतात. १६६६ च्या आगीत लंडनचा मोठा भाग जळून गेल्यावर क्रिस्टोफर रेननं रुंद, सरळ रस्त्यांचा नवा आराखडा दिला होता. पण जमिनीच्या तुकड्यांची मालकी जुनीच होती. लोकांनी बहुतांशी जुन्याच गल्ल्यांवर घरं बांधली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तरी आज पेठेतला माणूस पुराच्या आधीचा पत्ता सांगू शकतो. आमचा वाडा पाडून तिथे सात मजली इमारत झाली, पण बोळ तोच आहे. म्हणजे आज जे झाड आखलं जातंय, तेही आमच्यानंतर तसंच राहणार.

पर्याय नाहीत असं नाही. नगररचना योजना नावाची जुनी पद्धत आहे; १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती आपल्याकडे आहे. त्यात सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, आधी रस्ते, मैदानं, शाळांच्या जागा काढतात आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे प्लॉट करून ज्याचे त्याला परत देतात. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण प्रत्येकाला रस्ता मिळतो, आणि एका अकराव्या माणसामुळे तो अडत नाही. अहमदाबादनं ही पद्धत सातत्यानं वापरली. महाराष्ट्रात ती बरीचशी मागे पडली होती. अलीकडे पीएमआरडीएनं म्हाळुंगे-माण भागात ती पुन्हा हाती घेतली आहे. काम किचकट आहे, वेळ खातं, गावकऱ्यांचा विश्वास मिळवावा लागतो. पण ग्राफच्या दृष्टीनं बघितलं तर रेघा आधी आणि घरं नंतर, हा क्रम त्यात बरोबर आहे.

गेल्या महिन्यात मी स्कूटीवरून मारुंजी, नेरे, जांबेच्या बाजूला जाऊन आले. तिकडे अजून ऊस आहे, आणि उसाच्या मधेमधे जमीन सपाट करून चुन्याच्या रेषा मारलेल्या आहेत. कोपऱ्यांवर रंगीत झेंडे, रस्त्याला कमान, कमानीवर 'गेटेड कम्युनिटी प्लॉट्स'. एका ठिकाणी दोन प्लॉटिंगच्या मधून जुनी पाणंद जाते. एका बाजूच्या मालकानं तिच्यावर सिमेंटचे खांब रोवलेत, आणि खांबाच्या कडेनं मोटारसायकलींच्या चाकांचा ताजा माग पडलाय. तिथे भिंत अजून बांधलेली नाही. पलीकडे कुणी राहायलाही आलेलं नाही, त्यामुळे मतदान करायला माणसंच नाहीत. ही पाणंद नकाशात धरायची की नाही, हे या वर्षी-दोन वर्षांत कुणीतरी ऑफिसात बसून ठरवेल, आणि पुढची शंभर वर्षं तिथली माणसं त्याप्रमाणे चालतील.